तोंडी नको, लेखी घ्या : सातारा-सांगलीच्या कुटुंबांनी माहीत ठेवावेत असे अलीकडचे कोर्टाचे निकाल

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची हायकोर्टातली प्रकरणे आता तिथे चालतात. या जिल्ह्यांतल्या वकील मंडळींनी चाळीसहून जास्त वर्षे ही मागणी लावून धरली होती. सांगली-मिरजेहून कोल्हापूर साधारण ५० किलोमीटर, साताऱ्याहून सव्वाशेच्या आसपास. पूर्वी हायकोर्ट म्हटलं की मुंबईची रात्रीची गाडी, मुक्काम, जेवणखाण आणि तारीख पुढे गेली की पुन्हा तेच. आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं.

कोर्ट जवळ आलं म्हणून हक्क आपोआप घरी चालत येत नाहीत. ते मागावे लागतात आणि मागण्यासाठी आधी माहीत असावे लागतात. म्हणून गेल्या काही वर्षांतले दिवाणी आणि फौजदारी स्वरूपाचे महत्त्वाचे निकाल आम्ही इथे एकत्र देत आहोत. ते एका रांगेत ठेवले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. अटक असो, घर पाडणं असो, पोटगी असो की वारसा, विषय कितीही वेगळे असले तरी कोर्ट शेवटी एकच विचारतं : कागद कुठे आहे? कधी हा प्रश्न पोलिसांना असतो, कधी नगरपालिकेला, कधी नवऱ्याला. आणि बऱ्याचदा आपल्यालाही.

एक खुलासा आधीच करतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. खाली जिथे 'नागरिक सुरक्षा संहिता' म्हटलं आहे, तिथे ही नवी प्रक्रिया संहिता समजावी. कलमांचे आकडे बदलले असले तरी जुन्या कलमांवर दिलेले बहुतेक निकाल आजही लागू पडतात.

अटक झाली तर : कारण लेखी, आणि समजेल अशा भाषेत

घरातल्या मुलाला पोलीस घेऊन गेले की कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, "का नेलं?" उत्तर बहुधा तोंडी मिळतं आणि ठाण्यात पोहोचेपर्यंत बदलतं. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगणं बंधनकारक आहेच. पण 'सांगणं' म्हणजे नेमकं काय, यावर वर्षानुवर्षे वाद होता.

सुप्रीम कोर्टाने तो टप्प्याटप्प्याने मिटवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल प्रकरणात मनी लाँडरिंग कायद्याखालच्या अटकेत कारणं लेखी दिली पाहिजेत असं ठरलं. १५ मे २०२४ रोजी प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात हेच यूएपीएला लागू झालं. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी विहान कुमार प्रकरणात कोर्टाने सांगितलं की कारण कळवलंच नसेल तर अटक बेकायदा ठरते आणि कारण कळवलं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. त्यानंतर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्याच राज्यातल्या मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात शेवटची गाठ बांधली गेली. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि ती अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. जागेवर लगेच लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात.

याचा उपयोग असा. मॅजिस्ट्रेटपुढे नेल्यावर (ते २४ तासांच्या आत व्हावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून) वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारावा : अटकेची कारणं लेखी दिली का, कधी दिली, कोणत्या भाषेत दिली? मुलाला मराठी वाचता येत असेल आणि कागद इंग्रजीत असेल तर तेही नोंदवून घ्यावं. घरच्यांपैकी कुणाला तरी अटकेची माहिती देणं हेसुद्धा पोलिसांचं कायदेशीर कर्तव्य आहे.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टाने २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं. नव्या कायद्यात ही नोटीस कलम ३५(३) खाली येते. नोटीस मिळाल्यावर माणूस हजर राहत असेल आणि अटी पाळत असेल तर अटक करायची नाही. करायचीच असेल तर पोलिसांनी कारण लिहून ठेवायचं.

ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये हे सांगितलं आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा ठणकावलं, कारण नोटिशीकडे दुर्लक्ष झालं तर माणसाचं स्वातंत्र्य जाऊ शकतं. मात्र फोनवर आलेला निरोप अगदीच कानाआड करू नका. वकिलाला दाखवा आणि ठाण्यात जाऊन लेखी नोटीस मागा. गेलात की हजेरीची नोंद करून घ्या.

कच्च्या कैदेत दिवस काढणाऱ्यांसाठीही एक तरतूद आहे. ज्याचा हा पहिलाच गुन्हा आहे, त्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला बाँडवर सोडायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकापेक्षा जास्त खटले चालू आहेत त्याला हे लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. असा अर्ज कोर्टाकडे लेखी करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. घरच्यांनी अधीक्षकांना पत्र देऊन त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

ठाण्यातला कॅमेरा

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं उघड झालं. पोलिसांनाच अटक झाली, सांगली बंद झाली, सारं राज्य हादरलं. अशा प्रकरणांत आत काय घडलं हे सांगायला बहुतेक वेळा कुणी नसतं.

२ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश दिले. कोठडी, व्हरांडा, येण्याजाण्याची दारं, काहीच सुटता कामा नये. चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष जपायचं. ठाण्यात मारहाण झाल्याची तक्रार असेल तर त्या दिवसाचं, त्या वेळेचं चित्रण जपून ठेवावं असा लेखी अर्ज ताबडतोब द्या, त्याची पोच घ्या आणि हीच मागणी मॅजिस्ट्रेटपुढेही करा. वैद्यकीय तपासणीच्या वेळी अंगावरच्या खुणा डॉक्टरांना दाखवून त्यांची नोंद करायला सांगा.

तक्रार घेत नाहीत तेव्हा

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे, हे १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी 'झिरो एफआयआर' घ्यावीच लागते, हे आता कायद्यातच आहे. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

ठाणेदार ऐकत नसेल तर पुढचा रस्ता ठरलेला आहे. आधी पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार द्या, टपालाने पाठवली तरी चालेल. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज करा. पण अधीक्षकांकडे गेलो होतो याचा पुरावा नसेल तर मॅजिस्ट्रेट पहिल्याच दिवशी अडवतात. म्हणून आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत किंवा रजिस्टर पोस्टाची पावती सांभाळा.

द्वेषपूर्ण भाषणांबाबत सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना सांगितलं आहे की तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा आणि बोलणाऱ्याचा धर्म बघू नये. तरीही आपण लेखी तक्रार द्यावी. सोबत भाषणाची तारीख, जागा आणि चित्रफीत जोडावी. नुसतं 'भडकाऊ बोलले' एवढं लिहून भागत नाही.

मोबाइलवरची पोस्ट : जबाबदारी किती, हक्क किती

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टचं निमित्त होऊन हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला, मशिदीचं आणि दुकानांचं नुकसान झालं, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. एका पोस्टमागे किती घरं होरपळतात हे साताऱ्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलांना हे सांगायलाच हवं. त्याचबरोबर कायदा कुठे थांबतो हेही त्यांना सांगायला हवं.

त्यासाठी आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातलं प्रकरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातल्या काश्मिरी प्राध्यापकावर व्हॉट्सअॅप स्टेटसवरून हातकणंगले पोलिसांत गुन्हा दाखल झाला. स्टेटसमध्ये ५ ऑगस्टला जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. मुंबई हायकोर्टाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा दिल्याने दोन गटांत वैर पसरत नाही आणि एखाद्या बोलण्याचा परिणाम विचारी, खंबीर माणसावर काय होतो यावरून मोजायचा, असं कोर्टाने सांगितलं.

पुढे २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी प्रकरणात कोर्टाने आणखी एक संरक्षण दिलं. बोलण्या-लिहिण्याबद्दलचा गुन्हा तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा असेल तर एफआयआरच्या आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यात म्हटलं आहे. पण लक्षात घ्या, त्या प्राध्यापकाला निकालासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. हक्क कोर्टात शाबूत राहिला, तरी मधल्या काळातला त्रास कुणी परत देत नाही. त्यामुळे कुणाच्या श्रद्धेची टवाळी करणारं काही पुढे पाठवू नका. खातं हॅक झालं किंवा कुणी आपल्या नावाने खोटं खातं उघडलं तर त्याच दिवशी सायबर पोलिसांत लेखी तक्रार द्या. दोन दिवसांनी दिलेली तक्रार बचावासाठी रचलेली वाटते.

घर-दुकानावर हातोडा पडण्याआधी

१३ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल 'बुलडोझर निकाल' म्हणून ओळखला जातो. घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला म्हणून घर पाडता येत नाही. आरोपी दोषी ठरला तरी पाडता येत नाही, कारण शिक्षा ठरवणं कोर्टाचं काम आहे आणि एकाच्या कृत्याची शिक्षा अख्ख्या कुटुंबाला देता येत नाही, असं कोर्टाने बजावलं.

बांधकाम खरोखरच अनधिकृत असेल तरी पद्धत पाळावी लागते. किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस रजिस्टर पोस्टाने मालकाला पाठवायची आणि बांधकामावर चिकटवायची. स्थानिक नियमात जास्त मुदत असेल तर ती द्यायची. मागची तारीख टाकून नोटीस काढल्याचा आरोप होऊ नये म्हणून तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने कळवायची. मालकाला प्रत्यक्ष ऐकून घ्यायचं, सुनावणीचं टिपण ठेवायचं, कारणांसह आदेश काढायचा आणि त्यानंतर पुन्हा १५ दिवस थांबायचं. पाडकामाचं चित्रीकरण करायचं. हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खर्चाने बांधकाम पुन्हा उभं करून द्यावं लागेल आणि नुकसानभरपाईही द्यावी लागेल.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. रस्ता, फूटपाथ, रेल्वे लाइनलगतची जागा, नदी-तलावाची जागा यांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. कोर्टानेच पाडण्याचा आदेश दिला असेल तिथेही नाही. आपली जागा यात मोडते का, हे नोटीस येण्याआधी तपासावं. सिटी सर्व्हेचा उतारा, बांधकाम परवाना, घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिल हे सगळं एका जागी असू द्या. नोटीस आली की पंधरा दिवस झरझर जातात. पहिल्या तीन दिवसांत लेखी उत्तराची तयारी सुरू झाली पाहिजे.

तलाक आणि पोटगी

इथे मात्र नुसता कागद पुरत नाही. औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने २ मे २००२ रोजी दगडू पठाण प्रकरणात ठरवलं की पोटगीच्या खटल्यात नवऱ्याने "मी हिला तलाक दिलाय" असं जबाबात लिहून दिलं म्हणून तलाक सिद्ध होत नाही. कारण काय होतं आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे पुराव्याने दाखवावं लागतं. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने शमीम आरा निकालात असंच मत दिलं. २२ ऑगस्ट २०१७ च्या शायरा बानो निकालाने एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला.

त्या कायद्याची हद्दही कोर्टांनी आखून दिली आहे. एप्रिल २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं की तलाक-ए-अहसन, म्हणजे एकदा उच्चारून इद्दतीची वाट पाहणं, हा या कायद्याखाली गुन्हा नाही, आणि सासू-सासऱ्यांना यात गोवता येत नाही. रहना जलाल प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नवऱ्याला अटकपूर्व जामीन मिळू शकतो, मात्र बायकोचं म्हणणं ऐकल्यानंतरच.

पोटगीबद्दल आपल्याकडे अजून एक गैरसमज आहे : तलाक झाला, इद्दत संपली, विषय संपला. तसं नाही. २००१ च्या डॅनियल लतिफी निकालात घटनापीठाने सांगितलं की १९८६ च्या कायद्याप्रमाणे तिच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीतच करायची आहे. १० जुलै २०२४ रोजी मोहम्मद अब्दुल समद निकालात सुप्रीम कोर्टाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की तलाक झालेली मुस्लिम स्त्री सर्वसाधारण कायद्यातल्या पोटगीच्या कलमाखालीही (जुनं १२५, नवं १४४) अर्ज करू शकते. दोन्ही दारं तिला उघडी आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने चिपळूणच्या एका प्रकरणात निर्णय दिला की १९८६ च्या कायद्याखालची एकरकमी रक्कम तलाकच्या दिवशीच देणं लागते, त्यामुळे बाईने नंतर दुसरा निकाह केला तरी ती बुडत नाही. खेडच्या सत्र न्यायालयाने ठरवलेले ९ लाख रुपये कोर्टाने कायम ठेवले.

पोटगीच्या अर्जात दोघांनाही आपली मिळकत आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, हे ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पक्कं आहे. तेव्हा अर्ज जितका उशिरा, तितके महिने हातचे गेले. अर्ज ती राहते त्या ठिकाणी करता येतो. सासर पुण्यात आणि माहेर विट्यात असेल तर तिने पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही.

निकाहनाम्यात काय लिहिलं आहे?

२ डिसेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगालमधल्या एका तलाक झालेल्या स्त्रीच्या बाजूने निकाल दिला. लग्नात वडिलांनी दिलेले ७ लाख रुपये आणि ३० भरी सोनं तिला परत हवं होतं. लग्नाच्या नोंदीत ते दिल्याचं लिहिलेलं होतं, पण ते मुलीला दिलं की जावयाला, यावर दोन नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. हायकोर्टात ती हरली. सुप्रीम कोर्टाने १९८६ च्या कायद्याचं कलम ३ स्त्रीच्या सन्मानाच्या आणि स्वावलंबनाच्या बाजूने वाचलं आणि लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी वा मित्रमंडळींनी दिलेल्या वस्तूंवर तिचाच हक्क असल्याचं सांगितलं.

एका ओळीच्या गोंधळाने त्या बाईला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. आपल्याकडे निकाहच्या वेळी घाई असते, जेवणावळीचा गलबला असतो आणि मेहरचा रकाना भरला की सगळे मोकळे. आमचं सांगणं असं की मेहर किती, त्यातली रोख किती आणि बाकी किती, दागिने किती तोळ्याचे आणि ते कुणाला दिले, हे काझीसाहेबांसमोर स्पष्ट लिहून घ्यावं. दागिन्यांच्या पावत्या मुलीच्या नावाने करून तिच्याकडे द्याव्यात. यात कुणावर अविश्वास नाही.

वारसा आणि हिबा : साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे

१६ ऑक्टोबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल महाराष्ट्रातल्याच कुटुंबाचा आहे. मूलबाळ नसलेला माणूस वारला. विधवेने मोठा हिस्सा मागितला. मयताच्या भावाचं म्हणणं होतं की काही जमिनीचं साठेखत मयताच्या हयातीतच झालं होतं, त्यामुळे ती वाटणीत धरू नये. कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. नुसत्या साठेखताने मालकी जात नाही, म्हणून सगळी मिळकत 'मतरुका'च, म्हणजे वाटणीयोग्य. आणि अपत्य नसेल तर विधवेचा हिस्सा एक चतुर्थांश. अपत्य असेल तर तो एक अष्टमांश असतो. कमी नाही आणि जास्तही नाही.

हिब्याबाबत ऑक्टोबर २०२५ मध्येच कर्नाटकातल्या जमिनीच्या वादात सुप्रीम कोर्टाने इशारा दिला. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबा चालतो. देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि ताबा देणं, एवढं पुरतं. पण ताबा खरोखर दिला याचा पुरावा हवा. वर्षानुवर्षे सातबारा जुन्याच नावावर, शेतसारा जुन्याच नावाने, आणि वाद झाल्यावर "अम्मीने मला तोंडी दिलं होतं" म्हटलं तर ते टिकत नाही.

उलट बाजूही पाहा. सातबाऱ्यावर किंवा फेरफारात नाव आलं म्हणजे मालक झालो, असं नाही. ती नोंद महसुलासाठी असते, असं कोर्टांनी अनेकदा सांगितलं आहे. त्यामुळे वारस नोंदीत बहिणीचं नाव राहून गेलं म्हणून तिचा हिस्सा संपत नाही. पण तिला तो कोर्टात जाऊन काढावा लागतो, आणि त्यात माहेर तुटतं. वडील वारल्यावर तलाठी कार्यालयात सगळ्या वारसांची, बहिणींसह, नोंद वेळेत करणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. हिस्सा कुरआनने ठरवला आहे, कोर्टही तोच देतं. मग मध्ये वीस वर्षं कशाला घालवायची?

मशीद, दर्गा, कब्रस्तानचे कागद

वक्फ सुधारणा कायदा २०२५ वर सुप्रीम कोर्टाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम आदेश दिला. वक्फ करण्यासाठी पाच वर्षे इस्लाम पाळत असल्याची अट नियम होईपर्यंत स्थगित झाली. सरकारी अधिकाऱ्याच्या चौकशीवरून मिळकतीचं वक्फपण जाण्याच्या तरतुदीही थांबल्या. मात्र नोंदणीची सक्ती कोर्टाने थांबवली नाही. उमीद पोर्टलवर माहिती भरण्याची ६ डिसेंबर २०२५ ची मुदत सरसकट वाढवून द्यायलाही कोर्टाने १ डिसेंबरला नकार दिला. अडचण असलेल्या मुतवल्लींनी वक्फ न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा, असं सांगितलं. ज्या गावांत कब्रस्तान पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे पण कागद एकही नाही, तिथल्या जमातीने जुने इनाम उतारे, सिटी सर्व्हे नोंदी आणि ग्रामपंचायतीचे ठराव आजच शोधायला घ्यावेत.

भोंग्यांबाबत मुंबई हायकोर्टाचा २३ जानेवारी २०२५ चा निकाल आहे. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही आणि नियम सर्व धर्मांना सारखे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विश्वस्तांनी परवानगीचं पत्र मशिदीतच ठेवावं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करून पोच घ्यावी.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका

कोणत्याही स्त्रीला, मुलाला आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं आहेत. १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावरही मदत मिळते. खटला चालू असेल तर वकिलाकडून १६ अंकी सीएनआर क्रमांक घ्या. ई-कोर्ट्स अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि मागचे आदेश घरबसल्या दिसतात. "तारीख काय पडली" हे विचारायला कुणाच्या मागे फिरावं लागत नाही.

हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, प्रत्येक प्रकरणाची वळणं वेगळी असतात. पण वकिलाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. घरात एक फाइल करा : निकाहनामा, जन्म-मृत्यूचे दाखले, सातबारा आणि सिटी सर्व्हे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या बायकांनाही माहीत असू द्या. कारण पोलीस किंवा नोटीस येते तेव्हा घरात बहुतेक वेळा त्याच असतात.